दाजींच्या तोंडावरची लाली

नागपूरला जाऊन आले म्हटलं की आमच्या इचलकरंजीत जो तो एकच विचारतो, संत्री आणलीस का. आणली, वाटली, संपलीसुद्धा. आता शाळेतल्या बाकीच्या मास्तरणी म्हणतात, काय काय बघितलंस ते लिही. खरं सांगायचं तर बघितलं थोडंच. बर्डीचा किल्ला खालूनच बघितला, अंबाझरीच्या तलावावर एक संध्याकाळ बसले, आणि उरलेली सगळी दिवाळीची सुट्टी एका माणसाच्या तोंडाकडं बघण्यात गेली. तो माणूस म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, नामदेवराव. आमचे वडील फार वर्षांपूर्वी नागपुरी लुगड्यांचे काठ बघायला गेले होते आणि जावई बघून आले. तेव्हापासून आक्का तिकडचीच झाली.

दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडं येणाऱ्या एका कापड-व्यापाऱ्याजवळ आक्कानं निरोप धाडला होता, ह्यांची तब्येत बरी नाही, सुट्टी लागली की ये. व्यापाऱ्यानं निरोप सांगितला आणि जाता जाता अंगठा तोंडाशी नेऊन एक डोळा बारीक केला. म्हणजे दाजी पितात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण राग व्यापाऱ्यावर काढावा की दाजींवर, हे काही ठरेना, म्हणून गाडीत बसले.

तांडापेठ

मनमाड-भुसावळचे हाल सांगत नाही, ते सगळ्यांनाच ठाऊक आहेत. नागपूर स्टेशनातून सायकलरिक्षा केली. आमच्याकडं टांगा, इथं माणूसच माणसाला ओढतो, हे बघून मला आधी बसवेना. रिक्षावाला म्हणाला, "बसा ना बाई, काहून लाजता? तुमाले काय वजन हाये?" मग बसले.

तांडापेठेत शिरलं आणि जीव जरा थाऱ्यावर आला, कारण घराघरातून मागाचा आवाज येत होता. विणकराच्या पोरीला दुसरं माहेर काय असतं? फरक एवढाच की आमच्याकडं आता यंत्रमाग खडखडतात, आणि इथं अजून खड्ड्यात पाय सोडून हातानं धोटा मारतात. दाजीही तसेच बसलेले होते. मला बघून हात जोडले, "या ताई, लय दिवसांनी आठोन आली." माणूस निम्मा झाला होता. सदरा खुंटीवर अडकवल्यागत अंगावर लोंबत होता.

आक्काची भाषा ऐकून मात्र हसू आलं. 'मले सांग, तुले चहा देऊ का, दूध उतू जाऊन राहिलं ना वं.' मी म्हटलं, "आक्का, तू आमची राहिली नाहीस." ती म्हणाली, "तुझ्याशी बोलताना येतंय की आपलं." आणि खरंच पुढच्या वाक्याला इचलकरंजीवर आली.

त्या दिवशी जेवायला पाटोडी-रस्सा होता. बेसनाच्या वड्या आणि वर काळपट लाल रस्सा, त्यावर बोटभर तेलाचा तवंग. ह्या तवंगाला तर्री म्हणतात. कोल्हापूरचा तांबडा रस्सा पचवणारी मी, पण दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी. दाजींच्या सासुरवाडीची अब्रू म्हणून ताट पुसून खाल्लं. मान वर करून बघते तो दाजींचं तोंड लाल. आधी कान, मग मान, मग कपाळापर्यंत सगळं, चुलीच्या पुढ्यात बसलेल्या माणसाचं होतं तसं. डोळेही तांबारले. घटकाभरात ते ताटावरून उठले आणि तांब्या घेऊन मागच्या अंगणाकडं पळाले. परत आले ते धापा टाकत, भिंत धरून.

"तर्री लागली असन, दुसरं काई नाई," त्यांच्या आई म्हणाल्या. ह्या मावशी पंच्याहत्तरीच्या, पाठीत वाकलेल्या, पण घरातली पळी अजून त्यांच्याच हातात.

संध्याकाळी आक्कानं सगळं सांगितलं. दोन वर्षं हे असंच चाललं होतं. जेवलं की लाल, रागावलं की लाल, ओझं उचललं की लाल. दिवसातून दहादा पोट जायचं. गल्लीतल्या वैद्यांनी संग्रहणी म्हणून ताकावर ठेवलं. आणि लोकांनी तोंड बघून निकाल लावला. भजनी मंडळात दाजी पखवाज वाजवायचे. मंडळाच्या शेषराव काकांनी एक दिवस सगळ्यांसमोर सांगितलं, "नामदेवा, देवापुढं असं तोंड घेऊन येत नोको जाऊ." तेव्हापासून पखवाज काकांच्या घरी आणि दाजी मागावर.

"आणि तू? तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"ते म्हणतात पीत नाही," आक्का म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि लसूण सोलायला लागली. मला ते उत्तर आवडलं नाही.

धंतोली

दुसऱ्या दिवशी मी हट्टच धरला. नागपूरला धंतोली म्हणून मोहल्ला आहे, तिथं दारादारावर डॉक्टरची पाटी. आर्वी, उमरेड, पार चांद्यापासून माणसं येऊन ओसरीवर बसलेली असतात, सोबत भाकरीचं फडकं आणि पाण्याची सुरई. आमच्याकडं आजारी माणूस दवाखान्यात गप्प बसतो. इथं जो तो शेजारच्याला आपलं पोट सांगत असतो. आमचा नंबर लागेपर्यंत मला चार जणांची आतडी तोंडपाठ झाली होती.

डॉक्टर विलायतेत शिकून नुकतेच आलेले, टक्कल पडलेले, हळू बोलणारे. दाजींना आडवं करून त्यांनी पोट दाबलं. उजवीकडं बरगडीखाली हात गेला आणि दाजींचं तोंड भडकलं. कान, मान, कपाळ, सगळं. मी आणि आक्का खाली बघायला लागलो. डॉक्टर मात्र वाकून बघत राहिले, घड्याळ बघितलं, पुन्हा दाबलं, आणि चक्क हसले. रोग्याचं तोंड लाल झालं म्हणून खूश होणारा डॉक्टर मी तरी पहिल्यांदा बघितला.

"दारू घेता?"

"नाई."

"कधीच नाही?"

"जन्मात नाई."

डॉक्टरांनी कपाटातून एक बाटली काढली. "मग आज दोन चमचे घ्या, माझ्यासमोर. औषधाची ब्रँडी आहे. हिनं तोंड असंच लाल झालं तर मला जो संशय आहे तो पक्का होईल."

दाजी उठून बसले. सदऱ्याची बटणं लावली, सावकाश, एकेक. "डॉक्टरसाहेब, जे पेलो नाई त्याच्यापायी दोन साल लोकाईचं आयकलं. आता तेच पेऊन दाखवू का? मंग तं मी खराच पेलेला होईन ना."

"अहो, औषध म्हणून."

"औषध म्हणूनच पेतो म्हणणारे आमच्या गल्लीत लय हायेत."

डॉक्टरांनी बाटली परत कपाटात ठेवली. मला त्या क्षणी दाजींचा इतका अभिमान वाटला की व्यापारी समोर असता तर त्याचा तो अंगठा पिरगाळला असता.

मग डॉक्टरांनी समजावलं. कधी कधी लहान आतड्यात एक गाठ धरते. चिंचोक्याएवढी, दुखत नाही, कुणाला सापडत नाही. पण ती गुपचूप रक्तात एक द्रव्य सोडत राहते. त्यानंच तोंड लाल होतं, पोट जातं, धाप लागते. गाठीचं नाव त्यांनी सांगितलं, कार्सिनॉइड. हा रोग ओळखायला लागून जगातसुद्धा फार वर्षं झालेली नाहीत. ब्रँडी नको तर दुसरी वाट होती. दिवसरात्रीची सगळी लघवी एका बाटलीत धरायची. तिच्यात प्रयोगशाळेत औषध घातलं की ते द्रव्य असेल तर रंग जांभळा होतो, नसेल तर होत नाही.

"एक पथ्य आहे. आजपासून केळं खायचं नाही. केळ्यात तेच द्रव्य असतं, तपासणी फसते. अक्रोड नाही, अननस नाही."

"अननस कोन देऊन राहिलं बापा आमाले," दाजी म्हणाले.

पथ्याचे दिवस झाले, बाटली भरली. काळपट तपकिरी काचेची मोठी बाटली, तळाला तेजाबाचे थेंब, वर बूच. ती घेऊन दाजी आणि मी दारातून निघालो आणि समोर शेषराव काका, ओट्यावर दात कोरत बसलेले.

"काय गा नामदेवा, आता दिवसाढवळ्या बाटली?"

दाजींचं तोंड लगेच पेटलं. मी पुढं झाले, बाटली काकांच्या नाकासमोर धरली. "घ्या काका, एक घोट घ्या. ताजी आहे."

"नोको, नोको," म्हणत काका सरकले. दाजी रिक्षात बसल्यावर इतके हसले की त्यांना उतरून पळावं लागलं, पोट सांभाळत. वाटेतल्या एका भल्या माणसानं आपल्या घरामागच्या संडासाचं दार उघडून दिलं, त्याचं नावही विचारायचं राहिलं.

जांभळा

रंग जांभळा आला. डॉक्टर म्हणाले, पोट उघडून गाठ काढायला हवी. मोठ्या सरकारी दवाखान्यात सर्जनशी बोलतो. आक्का तिथंच पदर डोळ्यांना लावून बसली. पोट फाडणार म्हटल्यावर कुठल्या बाईला धीर राहील? दाजी मात्र उजळले. "म्हणजे मी पेत नाई हे कागदावर आलं ना?" असं दोनदा विचारलं.

तिथं माझ्याकडून जे झालं ते मुद्दाम नव्हतं. डॉक्टरांनी चहा मागवला आणि सहज विचारलं, पहिल्यांदाच आलात, कसं वाटलं आमचं नागपूर? मला काय, खाण्यावर बोलायला लावलं की झालं. पाटोडी सांगितली, डाळीचे गोळे घातलेला गोळाभात सांगितला, वर कडकडीत तेल ओतून खातात तो. "आणि सोमवारच्या उपासाला मावशींनी कच्च्या केळ्याची भाजी केली होती, जिरं आणि दाण्याचा कूट घालून. आमच्याकडं उपासाला नुसती साबुदाण्याची खिचडी. दाजींनी तर दोनदा मागून घेतली. मी कृती लिहून—"

डॉक्टरांचा कप हवेतच थांबला. "कशाची भाजी?"

"कच्च्या केळ्याची."

"कुठल्या सोमवारी?"

मी सांगितलं. पथ्याच्याच दिवसांतला सोमवार होता. डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "बाई, कच्चं केळं म्हणजेसुद्धा केळंच हो. हा रंग आता मी धरू शकत नाही. गाठीचा की भाजीचा, कसं सांगू? पुन्हा तपासल्याशिवाय मी ह्यांच्या पोटाला सुरी लावू देणार नाही."

घरी येऊन मावशींना सांगितलं तर त्या कपाळाला हात लावून बसल्या. "तुमी म्हणलं केळं खाऊ नोको. मी एक केळं घरात आणू देलं नाई. भाजी केली. भाजीले कोनी केळं म्हणते का वं? कच्चं केळं पोट बांधते, म्हणून केली. मायाच पोराच्या पोटासाठी केली."

आणि खरंच, म्हणतं का कोणी? पिकलं केळं फळवाल्याकडं मिळतं, कच्चं भाजीवालीकडं. एक देवापुढं ठेवतात, एक फोडणीत. त्या सोमवारी मी स्वतः त्याच स्वयंपाकघरात होते आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. डॉक्टर विलायतेहून शिकून आले, पण आपल्या आईच्या स्वयंपाकघरात एकाच फळाला दोन घरं असतात हे तेही विसरलेच की.

अंबाझरी

पुन्हा पथ्य, पुन्हा बाटली, पुन्हा वाट बघणं. मध्ये एका संध्याकाळी मी दोघांना घेऊन अंबाझरीला गेले, घरात नुसती तोंडं बघत बसण्यापेक्षा बरं म्हणून. पाणी लांबवर पसरलेलं, वारा गार. आम्ही उकडलेल्या शेंगा फोडत बसलो. दाजींनी शेंगांतही 'हे चालते ना?' म्हणून मला विचारून घेतलं.

"रंग नाही आला तर बरं," आक्का म्हणाली. "पोट तरी फाडायला नको. ताकावर, पथ्यावर काढू दिवस."

दाजींनी हातातली शेंग तशीच खाली ठेवली. मग पाण्याकडं बघत म्हणाले, "रंग नाई आला तं मी पेतो असंच राहीन."

"असं कुठं आहे?"

"असंच हाये. गल्लीले दुसरं काय सांगशीन? तोंड तं लालच राहणार ना." मग म्हणाले, "माया जीव जांभळ्यात अटकला हाये. फाडू दे पोट."

एकाच बाटलीसाठी नवरा एक देव पाण्यात ठेवतोय, बायको दुसरा. दोघंही खरे. मी मध्ये बसून शेंगा फोडत राहिले, कारण मला दोघांचंही बरोबर वाटत होतं.

रंग आला. ह्या वेळी डॉक्टर स्वतः नळी घेऊन बाहेर आले. पिकल्या जांभळासारखा गर्द. "ह्यात भाजी नाही," ते म्हणाले. दाजींनी नळी हातात मागितली, उजेडाकडं धरली आणि कपाळाला लावली. आक्कानं त्यांच्या हातातून ती काढून घेतली, म्हणाली, "पुरे. फुटेल." पण आवाजात राग नव्हता.

मोठा दवाखाना

आमच्याकडं ऑपरेशनला माणूस नेला की घरचे दोघं थांबतात. इथं अर्धी तांडापेठ आवारातल्या लिंबाखाली येऊन बसली, डबे घेऊन. आजाराचं नाव तोवर गल्लीभर फिरून बदललं होतं. कार्सिनॉइडचं कार्सीन झालं, कार्सीनचं केरोसीन, आणि एक म्हातारी मला गंभीरपणे विचारायला आली की नामदेवानं घासलेट काहून पेलं. मी तिला बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. वर्गात एवढं मन लावून मी कधी शिकवलं नसेल.

सर्जन बाहेर आले ते घामाघूम. गाठ सापडली. आतड्याचा तेवढा तुकडा कापून दोन्ही टोकं जोडली होती. यकृतावर तिची पिल्लं होती, एक मोठं काढता आलं. बारीक आहेत ती तशीच ठेवावी लागली.

"म्हणजे बरे झाले की नाही?" आक्कानं सरळ विचारलं.

धंतोलीचे डॉक्टर तिथंच होते. ते म्हणाले, "पुरते नाही झाले, खोटं सांगणार नाही. पण पोट पुष्कळ थांबेल, अंग धरेल. हा रोग घाईचा नाही. सावकाश चालतो, काही जण वर्षानुवर्षं काढतात. तोंड अधूनमधून लाल होईल. तेव्हा घाबरू नका." मग लिंबाखालच्या सगळ्या मंडळींकडं वळून जरा मोठ्यानं म्हणाले, "ती दारू नव्हे. ह्या माणसानं माझ्यासमोर औषधाचीसुद्धा घेतली नाही."

शेषराव काका धोतराचा सोगा झटकत उठले आणि चालते झाले. मला वाटलं, गेला म्हातारा. दोन दिवसांनी ते वॉर्डात आले, हातात संत्र्यांची पिशवी. खाटेशी उभे राहून म्हणाले, "नामदेवा, पखवाजाले शाई भरून आनली. तुयाशिवाय कोनाच्या हाताले तो बोलतच नाई."

"टाके तं सुकू द्या काका," दाजी म्हणाले, आणि त्यांचं तोंड लाल झालं. कोणीही मान फिरवली नाही.

स्टेशन

शाळा उघडायची होती, मला निघावं लागलं. दाजी अजून खाटेवर, पण पेज पचत होती. मावशींनी संत्री बांधून दिली आणि बजावलं, "तुमच्याकडच्या लोकाईले सांगजा, माया लेकानं कदी घेतली नाई." ते मी इथं सांगितलं.

आक्का पोचवायला आली. गाडीला अवकाश होता. फलाटावर बाकावर बसलो, तेव्हा ती अचानक म्हणाली, "तू पहिल्या दिवशी विचारलंस ना, तुला काय वाटतं. मी तुला नीट सांगितलं नाही."

"जाऊ दे गं."

"नाही, ऐक. दोन वर्षं, ते झोपले की मी त्यांच्यावर वाकून तोंड हुंगायची. रोज. एकदासुद्धा वास आला नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा हुंगायची." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "परवा दवाखान्यात रडत रडत हे त्यांना सांगितलं."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, मले मालूम हाये. मी जागाच राहत होतो. तुले बरोबर कळावं म्हणून तोंड उघडं ठेवत होतो."